तिसरा पाटा

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. चार यू-बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, रबरी बुश आणि धक्के शोषणारे मागचे दोन शॉकअप, एकूण तीन हजार आठशे पंचेचाळीस रुपये. सामान बीडहून मी आणले होते. पावती माणिकरावांच्या हातात दिली, तर त्यांनी ती न वाचताच खिशात घातली.

"भाऊसाहेब, आता घाबरायचं न्हाई. तुमी फकस्त जॅककडं ध्यान ठेवा," असे म्हणून त्यांनी अंगणात गोणपाट पसरले आणि ते गाडीखाली शिरले.

मी पाटोद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. माणिकराव माझे शेजारी. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षे फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर फंडातून त्यांनी सिरसाळ्याच्या एका अडत्याकडून १९८६ सालची जुनी फियाट घेतली. गल्लीत सगळे हसले होते. त्या अडत्याने सरकीची पोती वाहायची म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेक जादा पाटा चढवून घेतला होता. त्यामुळे गाडी रिकामी असली की विंचवासारखी मागून उचललेली दिसे, आणि लहानशा खड्ड्यातही मागे बसलेल्या माणसाचे डोके टपाला लागे.

पाटा म्हणजे कमानीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी. अशा पट्ट्या एकाखाली एक रचलेल्या असतात, वरची सगळ्यात लांब आणि खालची सगळ्यात आखूड. मधोमध सेंटर बोल्ट ओवलेला असतो. गाडीचा मागचा सगळा भार या जुडीवर असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या दोन रविवारांत कळले, आणि कळल्यापासून भीती वाढली.

माणिकरावांनी हे काम हौसेने काढले नव्हते. फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी सिंधुबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि कमरेचा एक मणका दबला. जूनमध्ये त्यांना रुग्णवाहिकेतून बीडला नेले होते. मांजरसुंब्याच्या घाटात त्या प्रत्येक धक्क्याला ओरडत होत्या. पाली आली तोपर्यंत ओरडायलाही आवाज उरला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी खाटेचा गज धरून सांगितले, "आता मला हितंच मरू द्या. पर त्या रस्त्यावर न्हाई."

त्यांनी ते खरे केले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. डाव्या पायाला आधी मुंग्या येत, मग पाय बधिर होऊ लागला. सप्टेंबरमध्ये माणिकरावांनी त्यांच्या तळव्याला सुई टोचून पाहिली. त्यांना कळलेच नाही. बीडच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की मणक्याचे मोठे डॉक्टर १६ ऑक्टोबरला येणार आहेत, त्या दिवशी आणा, त्यापुढे पायाची खात्री देता येणार नाही.

सिंधुबाईंनी एकच अट घातली. "धक्का बसणार न्हाई अशी गाडी आणा, येते."

अशी गाडी पाटोद्यात कोणाकडे असणार? माणिकराव तीन दिवस आपल्या फियाटीभोवती फिरले. चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "जादाचा पाटा काढतो, शॉकअप नवे घालतो, पुढची डावी शीट काढून फळी टाकतो. पाळण्यावानी नेतो तिला. घरीच करतो. गॅरेजवाल्यावर माजा भरोसा न्हाई."

"तुमचं वय चौसष्ट आहे," मी म्हणालो.

"म्हून तर तुमाला बोलावतोय."

मला त्या कामातले काहीच येत नव्हते, आणि हो म्हटल्यावर रात्रभर झोप लागली नाही. बीडच्या रस्त्यावर जॅक सटकून गाडीखाली सापडलेल्या एका माणसाची बातमी मी कधीतरी वाचली होती. तीच आठवत राहिली.

वर्कशॉपमध्ये बसखाली खड्डा असतो. माणिकराव तेहतीस वर्षे त्या खड्ड्यात उभे राहून, मान वर करून काम करत आले. घरी खड्डा नव्हता. गाडी उचलून तिच्याखाली पाठीवर सरकत जायचे, एवढाच मार्ग होता. ओळखीच्या गॅरेजमधून आणलेला जॅक लावला, खाली लाकडाचे दोन जाड गुटके घातले, आणि काढलेले चाक आडवे करून गाडीच्या पोटाखाली ढकलले.

"जॅकवर कदी इस्वास ठेवायचा न्हाई. जॅक सटकला तर गाडी चाकावर बसंल. मधी हातभर जागा ऱ्हाती. त्यात मी मावतो," माणिकराव खालून म्हणाले.

मला ती जागा हातभर वाटेना. मी वीतभर मोजली.

आतून खाटेवरून सिंधुबाई ऐकत होत्या. दार उघडे ठेवायला त्यांनीच सांगितले होते. "भाऊजी, गाडी मऊ करता करता माणूस चपटा व्हायचा. पाय दिसतेत का त्यांचे?"

"दिसतात, वहिनी."

"हालतेत का?"

"हलतात."

दर पाच मिनिटांनी हा प्रश्न आणि हे उत्तर. शेवटी माणिकराव वैतागले. "कावून इचारती गं सारखं? मेलो तर आवाज यील की!"

त्या रविवारी डावी बाजू झाली. शिकंजा लावून जुडी दाबून धरायची, सेंटर बोल्ट सोडायचा आणि शिकंजा हळूहळू ढिला करायचा. दाबलेले पोलाद सुटते तेव्हा उडते. एका फिटरचा जबडा असा फुटलेला माणिकरावांनी पाहिला होता. हे त्यांनी मला शिकंजा ढिला करताना सांगितले. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

सहा पाटे जमिनीवर आले. मग त्यांनी एकेक पाटा मधोमध दोरीत लटकवून हातोडीने ठोकला आणि कान लावला. सगळे घंटेसारखे वाजले. जादाचा पाटा त्यांनी बाजूला भिंतीला टेकवला.

"चांगला पाटा वाजतो. आतून केसाएवढी चीर गेली तरी बद्द बोलतो. डोळ्याला दिसत न्हाई, कानाला कळतं."

या कानाची एक गोष्ट त्यांच्या डेपोत सांगत. मुक्कामी जाणारी भरलेली गाडी त्यांनी एकदा एका आवाजासाठी थांबवली होती. वरून शिव्या खाल्ल्या, प्रवासी उतरवले, ड्रायव्हर म्हणाला, "माणक्या, तुझ्या कानात मळ हाय." पाटा काढल्यावर त्यांनी तो फरशीवर आपटला आणि दोन तुकडे ड्रायव्हरच्या पायाशी टाकले. त्यानंतर पाट्याच्या बाबतीत डेपोत त्यांना कोणी जाब विचारायचे धाडस केले नाही. पुढे बढती मिळाली नाही, पण ही एक गोष्ट त्यांच्याजवळ राहिली. बाकी कशाचाही अभिमान मिरवताना मी त्यांना पाहिले नाही.

दुसरा रविवार म्हणजे १५ तारीख, घटस्थापना. माझी पत्नी उज्ज्वला म्हणाली, "घट बसायच्या दिवशी काळे हात घेऊन येणार आहात का घरात?" पूजा आटोपून निघेपर्यंत तीन वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सिंधुबाईंना न्यायचे होते. उजवी बाजू त्याच दिवशी व्हायला हवी होती.

माणिकरावांची घाई माझ्या लक्षात आली. महिन्यापूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. लांबचे स्वच्छ दिसे, पण जवळच्या चष्म्याचा नंबर अजून मिळाला नव्हता. नट ते बोटांनी चाचपून लावत.

पाटे सुटले. गोणपाटावर ओळीने मांडले. माणिकराव ठोकत गेले, मी मान खाली घालून वहीत लिहीत गेलो. एका ठोक्याला आवाज वेगळा आला. मलाही कळला, इतका वेगळा. मातीची घागर तडकल्यावर वाजते तसा.

"तिसरा बद्द वाजतोय. जादाचाच हाय. टाकायचाच व्हता, बरं झालं," ते म्हणाले.

मी लिहिले: उजवी बाजू. तिसरा बाद.

तेवढ्यात आतून सिंधुबाईंचा आवाज आला. पायात गोळा आला होता. माणिकराव हात पुसत आत धावले. पाय चोळणे, शेक देणे यात अर्धा तास गेला. मी बाहेर एकटा होतो. उजेड कमी होत चालला होता. आपण बसून राहणे बरे दिसत नाही, असे वाटून मी पाटे पुसले, खडूने नंबर टाकले आणि तिसरा उचलून भिंतीला टेकवला. उरलेल्या पाचांना ग्रीस लावून लांबीप्रमाणे सेंटर बोल्टात ओवून ठेवले. ग्रीस लागल्यावर सगळे सारखे काळे झाले.

माणिकराव आले तेव्हा अंगणात सावल्या पसरल्या होत्या. "ओवले? किती?"

"पाच."

"भाऊसाहेब, लई काम केलं." त्यांनी जुडीवरून हात फिरवला, शिकंजा आवळला आणि गाडीखाली शिरले. साडेसहाला चाक बसले. मागून गाडी खाली बसली होती, आता विंचवासारखी दिसत नव्हती. माणिकरावांनी डिकीवर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडला. गाडी एकदा हलली आणि थांबली. त्यांना हसू आले. गेल्या आठ महिन्यांत मी ते हसू पाहिले नव्हते.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ते निघाले. सिंधुबाईंना गादीसकट उचलून फळीवर निजवले होते. मला सुटी मिळणार नव्हती, म्हणून मी गेलो नाही. निघताना सिंधुबाईंनी माझा हात धरला. "भाऊजी, घाटात वरडले तर त्यांना ऐकू जाऊ नये म्हून तोंडात पदर धरणार हाय. कुनाला सांगू नका."

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी अर्ध्या तासाने जॅक आणायला त्यांच्या अंगणात गेलो, कारण तो सातच्या आत गॅरेजला परत द्यायचा होता. जॅक उचलताना माझ्या कोपराचा धक्का भिंतीला टेकवलेल्या पाट्याला लागला. पाटा सरकला आणि फरशीवर पडला.

तो वाजला. खणखणीत, घंटेसारखा. आवाज विरेपर्यंत मी जॅक हातात धरून तसाच उभा होतो.

मी पाटा उचलून पुन्हा टाकला. पुन्हा तोच आवाज. शेजारी डाव्या बाजूचा, आठ दिवसांपूर्वी काढलेला जादाचा पाटा होता. त्याची टोके गॅसने कापलेली, खडबडीत होती. याची टोके गोल आणि गुळगुळीत होती. हा फियाटीचा मूळ पाटा होता. जादाचा, चिरलेला पाटा मी माझ्या हाताने ग्रीस लावून गाडीत बसवला होता.

मी वही काढली. "तिसरा बाद." अक्षर माझेच. मी वरून मोजले होते, सगळ्यात लांब तो पहिला. सहामध्ये वरून तिसरा एक आणि खालून तिसरा दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी, लांबीत दोन बोटांचा फरक. मला विचारायचे सुचलेच नव्हते, कारण मोजणे वरूनच सुरू होते याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

माणिकरावांना फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायची त्यांची शिस्त. सिंधुबाईंना लावला. फोन वाजला, पण माझ्या मागे, कुलूपबंद घरात, खाटेवर.

मी स्कूटर काढली, पाटा पायाशी आडवा ठेवला आणि निघालो. उज्ज्वला दारातून काहीतरी ओरडली. काय, ते ऐकू आले नाही.

त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या सकाळी मला रस्ता दिसतच नव्हता, फक्त रस्त्याच्या कडा दिसत होत्या. प्रत्येक खड्ड्यावर त्या गाडीचा उजवा मागचा कोपरा डोळ्यांसमोर येई. कुठे काळा डाग दिसला की ग्रीस वाटे, कुठे फडके पडलेले दिसले की पदर वाटे. मांजरसुंब्याच्या चौकात एका टपरीवाल्याला विचारले. "फियाट? पांढरी? गेली की. म्हातारा एकदम हळू चालवत व्हता, मागून लोक हॉर्न मारत व्हते."

घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर माणसे उभी होती. वाहने थांबली होती, कठड्याजवळ गर्दी होती आणि दोघेतिघे वाकून खाली बघत होते. मी स्कूटर कशी उभी केली ते आठवत नाही. गर्दीच्या कडेलाच थांबलो. शेवटी एकाला विचारले, "कोण गेलं?"

"ताडपत्री," तो म्हणाला. "कापसाच्या टेम्पोची. उडून झाडाला अडकली. तुमाला काय झालं? पानी प्या, काका."

मी पाणी प्यायलो नाही. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, प्रत्येक वळणावर दरीकडे बघत.

पालीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका घरापुढे फियाट उभी होती. उजवी बाजू खाली बसलेली, चाक मडगार्डला टेकलेले. माणिकराव चाकाजवळ उकिडवे बसले होते. मी आधी मागच्या खिडकीशी गेलो. सिंधुबाईंनी डोळे उघडले. पदर अजून दातांत होता. त्यांनी तो काढला.

"भाऊजी? तुमी कावून आले?"

"पाय कसा आहे, वहिनी?"

"हाय तसाच. घाटात एकदा काडकन वाजलं. मला वाटलं माझाच मनका." त्या थांबल्या. "यांनी पयल्या गिअरात, मानूस चालतो तशी गाडी उतरवली. मला धक्का न्हाई लागला. पर ते तवापासून बोलत न्हाईत. तुमी बोला त्यांच्याशी."

माणिकरावांनी मान वर केली नाही. "तुटला," ते म्हणाले. "उजवा. भाऊसाहेब, मी ठोकून बगितले सगळे. बद्द व्हता तो काढला. राहिलेले पाच माज्या कानानं चांगले सांगितले. त्यातला एक तुटला." त्यांनी हाताने कान चोळला. "डोळे गेले तवा काय वाटलं न्हाई. आता कान बी गेला. आन् तिला मागं घालून आनली मी या कानाच्या भरवशावर."

गप्प राहणे सोपे होते. पाटा जुना होता, तुटला, एवढ्यावर गोष्ट संपली असती. मला कोणी विचारणारही नव्हते. पण त्यांचा हात कानावरून खाली येत नव्हता.

मी स्कूटरवरचा पाटा आणला. रुमालाची गाठ मारून लटकवला आणि त्यांच्याच पान्याने ठोकला.

आवाज झाला तशी त्यांची मान वर आली. "ह्यो कुठला?"

"उजवीकडचा तिसरा."

"तिसरा बद्द व्हता."

"तुमचा तिसरा बद्द होता. हा माझा तिसरा आहे. मी वरून मोजला. चिरलेला मीच आत बसवला, माणिकराव."

त्यांनी माझ्याकडून पाना काढून घेतला. मला वाटले, आता हातातला पाना माझ्या डोक्यात बसणार. बसला असता तरी मी हललो नसतो.

"वरून?" ते म्हणाले. "वरून कोन मोजतं बे?"

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी 'बे' म्हटले नव्हते.

"खड्ड्यात उभं ऱ्हायलं की डोक्यावर पयला कोनता येतो? खालचा! सगळे फिटर खालून मोजतेत. तुमाला कुनी शिकवलं वरून मोजायला, कालेजात?"

"मागच्या शिटवर मी हाय," खिडकीतून सिंधुबाई म्हणाल्या. "भांडन वरून करा का खालून, पर डाक्टर बारा वाजता उठून जाईल."

माणिकराव उठले. कानावरचा हात निघाला होता. तुटलेला पाटा तिथे बदलणे शक्य नव्हते, शिकंजा घरी होता. मी आणलेला पाटा त्यांनी जुडीखाली लावायचे ठरवले, मोडलेल्या हाडाला फळी बांधतात तसा. त्याला भक्कम दोर हवा होता. समोरच्या घरातली म्हातारी, भिवराबाई, मघापासून ओसरीवरून बघत होती. तिने बैलगाडीचा नवा नाडा आणून दिला. अजून न वापरलेला, पिवळा.

"पैसे मागून द्या. आधी बाईला न्या," ती म्हणाली.

गाडीतलाच लहान जॅक लावला. पुन्हा ते गाडीखाली, पुन्हा मी बाहेर. या वेळी गाडीत सिंधुबाई होत्या आणि आडवे टाकायला फक्त स्टेपनी होती. नाडा आवळताना गाडी दोनदा कुरकुरली. दोन्ही वेळा मी हातांनी मडगार्ड धरले, जणू माझ्या धरण्याने ती थांबणार होती.

"पाय हालतेत का त्यांचे?" आतून प्रश्न आला.

"हलतात, वहिनी."

"बगा, माज्या कमरेला पट्टा आन् गाडीच्या कमरेला नाडा. जोडी जमली."

पालीहून बीडपर्यंत मी स्कूटर गाडीच्या मागे ठेवली. सगळा वेळ माझी नजर त्या पिवळ्या नाड्यावर होती. बिंदुसरेच्या धरणाजवळ तो एकदा सरकल्यासारखा दिसला. मी हॉर्न वाजवत सुटलो. माणिकराव थांबले, उतरले, वाकून बघितले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, आता तुमाला डोळ्याचं बी आपरेशन लागतं का?"

पावणेबाराला दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी सिंधुबाईंना तपासले आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रिया केली. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना अंगठ्याला सुई कळू लागली. बाकीचा पाय अजून पूर्ण परतलेला नाही. दर तीन आठवड्यांनी बीडला जावे लागते.

उजव्या बाजूला माणिकरावांनी मूळचाच पाटा पुन्हा बसवला. नंबर मीच टाकले, खालून. बीडला जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जातो, दोन्ही जुड्यांचे नट पान्याने आवळून बघतो आणि दाबून हलवतो. माणिकराव हसतात. दुसऱ्या दिवशी ते परत येईपर्यंत मी कार्यालयात बसतो, पण फोन समोर ठेवून. भीती कमी झालेली नाही. सिंधुबाई आता निघताना आपला फोन मला दाखवून पदराला बांधतात.

दिवाळीनंतर मी पालीला भिवराबाईच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. घरचे सगळे ऊसतोडीला गेले, उन्हाळ्यात येतील, असे शेजाऱ्याने सांगितले. तिच्या नाड्याचे एकशे तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.